रविवार आमचा होता

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
कलादालनाचे व्यवस्थापन,
सातारा.

विषय: चालू प्रदर्शन दोन दिवस आधी उतरवायला लावल्याबद्दल आणि १ एप्रिलपासून लागू होणाऱ्या नव्या नियमांबद्दल.

सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी दुपारी चारच्या सुमारास तुमचे शिपाई एक कागद घेऊन दालनात आले. आत तेव्हा पन्नासेक माणसं असतील. कोरेगावकडच्या एका शाळेची नववीची मुलं लाकडी शिल्पाभोवती जमिनीवरच बसून स्केच करत होती. कागदावर दोन ओळी होत्या. अपरिहार्य कारणास्तव दालन आज रात्री ९ पर्यंत रिकामे करून द्यावे, उर्वरित दोन दिवसांचे भाडे परत केले जाईल. खाली सही, शिक्का.

आमचं प्रदर्शन मंगळवार ते सोमवार असं ७ दिवसांचं होतं. पैसे चार महिने आधी भरले होते, पावती माझ्याकडे आहे. तो पाचवा दिवस होता. अपरिहार्य कारण काय, ते आम्हाला रात्री साडेआठला कळलं. साड्या आणि ड्रेस मटेरियलचा सेल रविवारपासून लागणार होता.

आम्ही १७ जण होतो, ११ चित्रकार आणि ६ शिल्पकार. त्या सगळ्यांच्या संमतीने हे पत्र लिहितो आहे. यापूर्वी तुमच्या कार्यालयात तीन अर्ज दिले. तिन्हींवर पोच मिळाली, उत्तर एकालाही नाही. गेल्या आठवड्यात दालनाच्या फलकावर नवे नियम लागले आणि जे आमच्या बाबतीत झालं तेच आता नियम म्हणून कायम होणार हे दिसलं. म्हणून हे उघड पत्र. संस्थेचं आणि कुणाही व्यक्तीचं नाव मी यात घातलेलं नाही. मला कुणाची बदनामी करायची नाही, निर्णय बदलून हवा आहे.

माझा यात काय संबंध, ते आधी सांगतो. मी ३१ वर्षं या जिल्ह्यातल्या शाळांत चित्रकला शिकवली. सुरुवात माण तालुक्यात झाली, शेवटची १२ वर्षं साताऱ्यात. मी जलरंगात काम करतो. या प्रदर्शनात माझी ४ चित्रं होती आणि सहभागी कलाकारांपैकी चौघं माझे विद्यार्थी. शाळेत चित्रकलेचा तास म्हटला की पालक एकच विचारतात, इंटरमिजिएटच्या सरकारी चित्रकला परीक्षेचं काय? ए ग्रेड मिळाली की दहावीला ७ गुण वाढून मिळतात. त्या गुणांबद्दल माझी तक्रार नाही, मीही शेकडो मुलांना त्या परीक्षेला बसवलं. पण एखादा मुलगा खरंच या कामात रमतो, सुट्टीतही कागद मागत येतो, तेव्हा त्याला या ७ गुणांच्या पलीकडचं काही दाखवायला न्यायचं कुठं? माझ्याकडे याची दोन उत्तरं होती. एक औंध, दुसरं तुमचं दालन.

औंधला मी दरवर्षी मुलं नेत असे. बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्र काढणारे राजे. संस्थान केवढं, तर लोकसंख्या लाखाच्याही आत. तरी १९३८ साली त्यांनी यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभं केलं आणि चित्रांवर दिवसाचा नैसर्गिक उजेड यावा अशी त्याची रचना केली. रविवर्म्यांचं सैरंध्री हे चित्र तिथं आहे. इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं आई आणि मुलाचं दगडी शिल्प तिथं आहे. त्याच गावी वेदांचे अभ्यासक पंडित सातवळेकर राहिले, जे स्वतः मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून शिकलेले चित्रकार होते, आणि त्यांचे चिरंजीव माधव सातवळेकर पुढे राज्याचे कलासंचालक झाले. एसटीनं आलेल्या खेड्यातल्या पोरानं सैरंध्रीसमोर दहा मिनिटं गप्प उभं राहिलेलं मी पाहिलं आहे.

पण औंधला जे आहे ते होऊन गेलेल्यांचं. आज, आपल्याच गावात, आपल्याच बसस्टॉपवर उभा राहणारा माणूस काय काढतो, दगडातून काय कोरतो, हे तिथं दिसत नाही. ते चालू प्रदर्शनातच दिसतं. चित्रकार शेजारी उभा असतो, त्याला विचारता येतं की हा रंग इथं का लावला. मुंबईत जहांगीर कलादालन १९५२ पासून आहे, पण तिथली तारीख मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं आणि इथून शिल्पं न्यायची तर टेम्पो, राहणं, जेवण, सगळं खिशातून. कोल्हापूरला शाहू स्मारक आहे, पुण्याला बालगंधर्व आहे. साताऱ्यात आमच्यासाठी तुमचं दालन आहे. म्हणून इतकं लागलं.

त्या पाच दिवसांत तिथं काय चाललं होतं, हे तुमच्यापैकी कुणी येऊन पाहिलं असतं तर बरं झालं असतं. उद्घाटनाला निमंत्रण दिलं होतं, कुणी आलं नाही, त्याचा राग नाही. बुधवारी संध्याकाळी आमच्यातल्या एका शिल्पकाराच्या काळ्या पाषाणातल्या कामासमोर एक वयस्कर गृहस्थ थांबले. त्यांचा जन्म दगड फोडण्यात गेलेला. त्या शिल्पाला हात लावायची आम्ही मुद्दाम मोकळीक ठेवली होती. त्यांनी बोटाच्या पेरानं दोन ठिकाणी टकटक केलं, कान जवळ नेला आणि म्हणाले, ‘आवाज आहे. चीर न्हाई कुठं.’ मग टाकीच्या खुणांवरून तळवा फिरवला आणि विचारलं की ह्या खुणा घासून काढायच्या राहिल्यात की ठेवल्यात? शिल्पकार म्हणाला, ठेवल्यात. त्यावर दोघांचं तासभर बोलणं झालं. कुठल्या खाणीचा दगड, पाणी कुठल्या बाजूनं मारायचं, टाकीला धार किती वेळा. शिल्पकार कला महाविद्यालयात ५ वर्षं शिकलेला आहे. तो मला नंतर म्हणाला, सर, परीक्षेला बसल्यासारखं वाटलं. जाताना ते गृहस्थ सांगून गेले, रविवारी भावाला घेऊन येतो.

आता तक्रारी. त्या सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत, जी जेवढी आहे तेवढीच मांडतो.

पहिली आणि सर्वांत मोठी, त्या रात्रीची. प्रदर्शन उतरवायला आम्हाला एरवी पूर्ण दिवस लागतो. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यांना थर्माकोल लावायचं, काच असेल तर तीवर टेपची फुली मारायची, दोन चित्रं समोरासमोर ठेवायची तर मध्ये पुठ्ठा घालायचा. शिल्पांच्या लाकडी पेट्या आम्ही एमआयडीसीतल्या एका मित्राच्या शेडमध्ये ठेवल्या होत्या, कारण दालनात पेट्या ठेवायला जागा नाही. ५ तासांत पेट्या आणून सगळं बांधणं शक्य नव्हतं. साडेसातला तुमच्याकडून दोन कामगार आले आणि त्यांनी कामं उचलून जिन्यात ठेवायला सुरुवात केली. त्यांचा दोष नाही, त्यांना सांगितलं तेच ते करत होते. टेराकोटाचं ३ फुटी शिल्प जिन्याच्या कठड्याला लागलं आणि मानेपाशी फुटलं, तीन तुकडे झाले. ज्या मुलीचं ते काम, तिनं माती मळण्यापासून भट्टी थंड होईपर्यंत त्यावर अडीच महिने घालवले होते. ती तुकडे ओढणीत गोळा करत होती आणि शेजारून खुर्च्या वर चढत होत्या.

एका मोठ्या ऑइल पेंटिंगचंही नुकसान झालं. नाइफनं, म्हणजे रंगाच्या सुरीनं, जाड लावलेला रंग वरून सुकलेला दिसतो, आतून महिनोन् महिने ओला असतो. घाईत कुणीतरी त्यावर थेट बबल रॅप गुंडाळलं. दुसऱ्या दिवशी काढलं तेव्हा आभाळाच्या भागावर ओळीनं गोल गोल ठसे उठले होते. ते आता निघत नाहीत. तो भाग खरवडून पुन्हा रंगवायचा म्हणजे वेगळंच चित्र होणार.

सेलच्या व्यापाऱ्यांबद्दल मला काही म्हणायचं नाही. त्यांनीही पैसे भरले होते आणि आत प्रदर्शन चालू आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पाषाणाचं शिल्प टेम्पोत चढवायला त्यांच्याच दोन पोरांनी खांदा दिला.

दुसरी तक्रार रविवारची. नोकरदार माणसाला, शेतावरच्या माणसाला, शाळेच्या मुलाला प्रदर्शन बघायला रविवारच मिळतो. आम्ही छापलेल्या ५०० निमंत्रणांवर रविवारची तारीख ठळक होती. सकाळी ११ वाजता मुलांसाठी साचा कसा काढतात याचं प्रात्यक्षिक होतं, ४० मुलांनी नावं दिली होती. आम्ही सहा जण सकाळी १० पासून संध्याकाळपर्यंत फाटकाशी उभं राहून येणाऱ्यांना सांगत होतो की प्रदर्शन उतरवलं. किती जण परत गेले याची मी वहीत खूण करत होतो. ११२ झाले. दुपारी जेवायला गेलो तेव्हाचे यात नाहीत. ते दगडकामवाले गृहस्थ मला दिसले नाहीत. मी नसताना आले असतील तर भावाला घेऊन तसेच परत गेले असतील.

आमच्यातला सर्वांत लहान शिल्पकार २६ वर्षांचा आहे. गाव दहिवडीच्याही पुढं. त्यानं आपल्या आईच्या हातांचे साचे घेऊन प्लास्टरमध्ये १२ जोड्या ओतल्या होत्या. दाताचे डॉक्टर माप घ्यायला जे अल्जिनेट वापरतात, त्यात हात बुडवून काही मिनिटं अजिबात न हलता बसावं लागतं. त्या माउलीनं १२ वेळा ते केलं. भाकरी थापताना, विळ्याला धार लावताना, शेळीची धार काढताना, एसटीत पुढच्या सीटची दांडी धरताना. दालनात ते हात एका सरळ रेषेत, छातीच्या उंचीवर, भिंतीतून बाहेर आल्यासारखे लावले होते. लोक तिथं आपोआप हळू बोलायचे. आईनं ते हात घरी एकेक सुटे पाहिले होते, भिंतीवर लावलेले पाहिले नव्हते. दोन बहिणींना घेऊन ती रविवारी सकाळच्या गाडीनं आली. मुलानं आदल्या रात्री फोन केला होता, पण रेंज नव्हती. आम्ही तिघींना टेम्पोपाशी नेलं, ताडपत्री सारली, वरच्या पेटीतून दोन जोड्या काढून दाखवल्या. तिनं भाकरीचे हात ओळखले. मग विचारलं, ‘बाकीचं कुठायत?’ बाकीचे खाली दाबलेल्या पेट्यांत होते, काढणं शक्य नव्हतं. चारच्या गाडीनं त्या परत गेल्या.

तुमच्या पत्रात ‘उर्वरित दोन दिवसांचे भाडे’ असं लिहिलं आहे. त्या दोन दिवसांत हे होतं. आणि ते भाडंही अजून परत मिळालेलं नाही.

तिसरी गोष्ट दालनाच्या अवस्थेची. छताला २२ स्पॉटलाइट आहेत, त्यातले ९ चालू होते. आम्ही पोवई नाक्यावरून ६ दिवे विकत आणून लावले, तरी अर्धं दालन ट्यूबलाइटवर होतं. काचेतल्या जलरंगावर ट्यूबचा उजेड पडला की बघणाऱ्याला स्वतःचाच चेहरा दिसतो. पश्चिमेच्या भिंतीला ओल आहे, तिथं कागदावरचं काम लावताच आलं नाही. शिल्पांसाठी पेडेस्टल नाहीत. शाळेचे बाक आणून वर काळं कापड टाकलं. हे सगळं आम्ही इतकी वर्षं चालवून घेतलं आणि यापुढेही थोडं चालवून घेऊ.

चौथी, नवे नियम. फलकावर तीन आहेत. दालनाला यापुढे सर्वांसाठी एकच दर, दिवसाला ५,००० रुपये. आत्तापर्यंत कलाप्रदर्शनाला १,२०० होता. आम्ही १७ जण होतो म्हणून ७ दिवसांचे ८,४०० वाटून माणशी ५०० च्या आत आले. नव्या दरानं ते ३५,००० होतात. एकट्यादुकट्यानं प्रदर्शन भरवायचा विचारच सोडून द्यावा लागेल, आणि ज्याला स्वतःचं काम पहिल्यांदाच मांडायचं आहे तो नेमका एकटाच असतो. दुसरा नियम, भिंतीला खिळा मारायचा नाही. मान्य आहे, भिंत खराब होते. पण मग चित्र अडकवायला वरून पट्टी आणि तारा लागतात, त्या दालनात नाहीत. तिसरा नियम मात्र मी शब्दशः उतरवून आणला आहे: ‘आवश्यकता भासल्यास कोणतेही कारण न देता कोणत्याही टप्प्यावर आरक्षण रद्द करण्याचा अधिकार व्यवस्थापनाकडे राहील.’ कोणत्याही टप्प्यावर म्हणजे चित्रं भिंतीवर लागलेली असतानाही. शनिवारी जे झालं ते चुकून झालं असं मी आजवर लोकांना सांगत होतो. हे वाक्य वाचल्यावर तसं सांगता येत नाही.

अर्ज द्यायला आलो होतो तेव्हा कार्यालयात मला सांगण्यात आलं की चित्रं काय, नंतरही लावता येतात, साड्यांचा सीझन थांबत नाही. लग्नसराईत व्यापाऱ्याला घाई असते हे मलाही समजतं. पण प्रदर्शनालाही त्याचा काळ असतो. १७ जणांनी दीड वर्ष आधी ठरवून, नोकऱ्या सांभाळून, रात्री जागून ही कामं एका भिंतीसाठी केली होती. कुठलं चित्र कशाशेजारी लागावं यावर आम्ही दोन दिवस वाद घातले. त्या लाल चित्राशेजारी ते पांढरे हात लावले म्हणून ते तसे दिसले. ती मांडणी पुन्हा होणार नाही. एकाचं चित्र विकलं गेलं, एक जण नोकरीसाठी नाशिकला गेला, एक शिल्प फुटलं.

दालन चालवायला पैसा लागतो हे आम्हाला मान्य आहे. वीजबिल, झाडलोट, पगार. त्यासाठी एक सूचना करतो. जून ते ऑगस्ट आम्ही कुणी दालन घेत नाही. साताऱ्याच्या पावसात कागद फुगतो, कॅनव्हास सैल पडतो, बुरशी धरते. ते तीन महिने सेलला द्या, पूर्ण दरानं द्या. दिवाळीआधीचे दोन आठवडेही द्या, तेव्हा कुणी चित्रं बघायला येत नाही. उरलेलं वर्ष भिंती कामासाठी राहू द्या. फलकावर नाव कलादालन आहे, आणि ते नाव वाचूनच आईबाप मुलांना घेऊन आत येतात.

आमच्या मागण्या साध्या आहेत. कोणत्याही टप्प्यावर आरक्षण रद्द करण्याचं कलम काढून टाकावं, आणि एकदा प्रदर्शन लागलं की ते ठरलेल्या दिवसापर्यंत चालेल असं लेखी द्यावं. यावर आम्ही तडजोड करणार नाही. कलाप्रदर्शनाचा वेगळा दर ठेवावा. वाढ करायची तर करा, पण आमच्याशी बोलून करा. फुटलेल्या टेराकोटाची, किंमतपत्रिकेत छापलेली २८,००० रुपये ही रक्कम त्या मुलीला मिळावी आणि खराब झालेल्या ऑइलबद्दल त्या चित्रकाराशी बसून बोलावं. दोन दिवसांचं भाडं परत करावं. बंद दिवे आणि लटकवायची पट्टी या गोष्टी पुढच्या हंगामाआधी व्हाव्यात. पट्टीच्या कामाला आमच्यातले दोघं फुकट हात लावायला तयार आहेत. तुमच्या समितीत एकही काम करणारा चित्रकार किंवा शिल्पकार नाही. निदान दोन जागा द्याव्यात, मी स्वतः इच्छुक नाही. तरुण माणसं घ्या.

आणखी एक. पैशांपेक्षा हे मला जास्त हवं आहे. येत्या नोव्हेंबरात आम्हाला एक शनिवार आणि एक रविवार द्या. सगळं पूर्वीसारखं लागणार नाही हे माहीत आहे. १२ जोड्या हात मात्र शाबूत आहेत, त्या पेट्यांत मी स्वतः पेंढा भरला होता. त्या एका भिंतीवर परत लावायच्या आहेत आणि दहिवडीकडून येणाऱ्या सकाळच्या गाडीच्या वेळेआधी दालन उघडायचं आहे.

तुमची मासिक बैठक ३१ मार्चच्या आत असते असं कळतं. आम्हाला त्या बैठकीला बोलवा. १७ पैकी १४ जण यायला तयार आहेत. वेळ संध्याकाळी साडेपाचनंतरची ठेवलीत तर शाळेत आणि एमआयडीसीत नोकरी करणाऱ्यांना रजा टाकावी लागणार नाही. टेराकोटाचे तुकडे आणि ते पेंटिंग आम्ही सोबत आणू, म्हणजे तुम्हालाही डोळ्यांनी पाहता येईल.

आपला,
एक सहभागी चित्रकार आणि निवृत्त कलाशिक्षक,
सातारा